संध्याकाळची सौम्य सिगार: स्वस्तातली निवडायची कशी, ओढायची कशी

स्वस्त सिगार कडू लागली की आपण किमतीला दोष देतो. बहुतेक वेळा ती सादळलेली तरी असते, नाहीतर सिगारेटसारखी भराभर ओढलेली. हे दोन्ही टाळलं तर साध्या सिगारलाही भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, दुधाळ कॉफीसारखी चव येते.

आधी निवड. सिगारमध्ये आत भरलेला तंबाखू म्हणजे फिलर, त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर आणि वरचं देखणं वेष्टन म्हणजे रॅपर. महाग सिगारमध्ये फिलरची पानं टोकापासून टोकापर्यंत लांब असतात. स्वस्तात ती तुकड्यांची असतात, म्हणून सिगार लवकर जळते, तापते आणि कण जिभेवर येतात. थोडी लांब पानं आणि थोडे तुकडे असं मिश्र फिलर मिळालं तर तेच घ्यावं. कमी पैशांत याहून बरा सौदा नाही.

सौम्य चवीसाठी ‘कनेक्टिकट’ रॅपर शोधा. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये हे पान कापडी मांडवाच्या सावलीत वाढवतात, इक्वाडोरमध्ये ढगच ते काम करतात. पान पातळ आणि फिकट तपकिरी होतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. आत लिजेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची उन्हाने जाड झालेली पानं, जास्त असतील तर फिकट सिगारही डोकं गरगरवते. दुकानदाराला रंग न विचारता ‘माइल्ड’ कोणती ते विचारावं.

आकार 5 इंच लांब, 42 रिंग गेजचा पुरे. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्यामुळे 42 म्हणजे साधारण 17 मिलिमीटर जाडी. ही 30 ते 40 मिनिटं चालते. 50 गेजची, ‘रोबुस्टो’ नावाच्या आकाराची सिगार तासभर घेते. दमून आलेल्या माणसाला ती शेवटी शेवटी जड होते.

तिरुचिरापल्लीच्या वोरैयूरचे चिरूट याहून स्वस्त पडतात आणि दोन्ही टोकं उघडी असल्याने कापावेही लागत नाहीत. त्यांची चव मात्र रांगडी असते. सुरुवात तिथून करू नये.

आता साठवण, कारण आपल्या हवेत सगळा खेळ इथेच बिघडतो. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. जुलैतली मुंबई त्याच्या कितीतरी वर असते आणि मे महिन्यातलं नागपूर कितीतरी खाली. लाकडी ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगार ठेवायच्या खास पेटीवर, खर्च करू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा स्वच्छ, वास नसलेला डबा घ्या, त्यात 65 टक्क्यांचं 60 ग्रॅमचं आर्द्रता-पाकीट ठेवा. 25 सिगारना एक पुरतं. ते कडक झालं की बदलायचं. पावसाळ्यात 70 टक्क्यांचं वापरू नका, सिगार ओली जळते आणि कडवट होते.

डब्यात छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, ठेवणार असाल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि दोन्ही वस्तू हवाबंद पिशवीत 12 तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 71 आला तर यापुढे 4 मिळवून वाचा.

डबा गार कपाटात ठेवा. उन्हाळ्यात तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि रॅपरवर टाचणीएवढी भोकं दिसतात. अशी सिगार टाकून द्या. उरलेल्या सिगार पिशवीत घट्ट बांधून 3 दिवस फ्रीजरमध्ये, मग 1 दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर रॅपर तडकतो.

ओढायच्या आधी पोटात काही हवं, शक्यतो जेवण. बंद टोकाला टोपी चिकटवलेली असते; तिच्या कडेच्या आतच, फक्त 2 मिलिमीटर, धारदार कटरने एका झटक्यात कापा. खोल कापलं की रॅपर उलगडत जातो. न पेटवता एक झुरका घेऊन पाहा. हवा येत नसेल तर जिथे गाठ लागते तिथे बोटांनी हलकेच दाबत फिरवा.

पेटवायला ब्युटेन लायटर किंवा लांब काडी. काडीचं गूल पूर्ण जळू द्यावं, नाहीतर गंधकाचा वास चवीत उतरतो. ज्योत टोकाला न लावता खाली धरा आणि सिगार फिरवत कडा शेका. सगळीकडून काळी झाली की हलके झुरके घेत पेटवा, मग टोकावर फुंकर घाला. अंगार एकसारखा लाल दिसला पाहिजे.

यानंतर मिनिटाला एकच झुरका. धूर तोंडात घ्यायचा, घोळवायचा, सोडायचा. छातीत ओढायचा नाही. घाई केली की आतला तंबाखू तापतो आणि जिभेला चरचरतं. एका बाजूने जास्त जळत असेल तर मागे राहिलेली कड लायटरने हलकेच पेटवा. विझली तर राख झाडा, सिगारमधून एकदा बाहेर फुंका आणि पुन्हा शेका. राख 2 सेंटिमीटरपर्यंत राहू द्यावी, ती अंगार थंड ठेवते. सोबत साधं पाणी किंवा दुधाची कॉफी. आल्याचा चहा सौम्य चवीवर मात करतो.

भोवळ, घाम, मळमळ सुरू झाली तर तो निकोटिनचा भार. सिगार खाली ठेवा, गुळाचा खडा आणि पाणी घ्या, बसून राहा. सिगारेटमध्ये 1 ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये 5 ग्रॅमपासून पुढे. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका राहतोच. म्हणून ही रोजची सवय करू नका. तलफ येऊ लागली तर डबा बंद करा. घरात मूल किंवा गर्भवती असेल तर बंद खोलीत अजिबात नको. सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे.

शेवटचे 4-5 सेंटिमीटर सोडून द्यावेत. डांबर तिथेच साचतं आणि चव बिघडते. थोटूक चिरडू नका, त्याचा वास रात्रभर रेंगाळतो. तसंच ठेवलं की काही मिनिटांत आपोआप विझतं. मग पाण्यात बुडवून कचऱ्यात.