झेब्रिना अळू नव्हे: अलोकेशियाच्या या चुका टाळा

पट्टेदार देठांवर भाळून अलोकेशिया झेब्रिना हे शोभेचं रोप घरी येतं आणि पावसाळा संपेपर्यंत कुंडीत नुसती माती उरते. अळूच्या कुळातली म्हणून तिला अळूसारखंच पाणी पाजलं जातं. परसातला अळू मोरीच्या पाण्यावर फोफावतो. झेब्रिना फिलिपिन्सच्या जंगलातली. तिथे पाऊस भरपूर, पण पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरातून पाणी निथळून जातं. मुळांना ओल हवी, तशी हवाही. (आणि नाही, हिची अळूवडी होत नाही.)

मोठी कुंडी. सगळ्यात जास्त झेब्रिना यानेच मरतात. क्रम ठरलेला: जूनमध्ये चार इंची कुंडीतलं रोप आणायचं, 'सारखी कुंडी कोण बदलणार' म्हणून थेट दहा इंचीत लावायचं, वर लाल माती आणि शेणखत. मुळं मधल्या मूठभर जागेत, बाकीची माती आठवडाभर ओली. जुलैत पान पिवळं पडतं; पाणी कमी पडलं असं वाटून आणखी दोन तांबे. ऑगस्टमध्ये देठ बुडाशी मऊ होऊन आडवे. उपटून पाहिलं तर मुळांची सालं बोटाला निसटून येतात आणि कुजका वास.

अशा वेळी कंद दाबून पाहा. टणक असेल तर आशा आहे. हातमोजे घाला, चिकाने खाज सुटते. माती धुवा, कुजका भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कापा, दिवसभर सावलीत सुकू द्या. मग ओलसर परलाइटमध्ये (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) अर्धा पुरून पारदर्शक डब्यात, उबदार उजेडात ठेवा. मुळं फुटायला काही आठवडे जातात. रोज उकरून पाहणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच मोठी. मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे प्रत्येकी दोन भाग, गांडूळखत एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं, तरच पाणी. वार ठरवून नाही.

पानांवर पाणी फवारणं. दमटपणा दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. त्यापेक्षा चार कुंड्या एकत्र ठेवा.

पानाची मागची बाजू न पाहणं. मार्च ते मे कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते: पानावर फिकट ठिपके, मागे बारीक जाळी. आधी पाण्याच्या धारेने पानं धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. एकदा मारून थांबलात की अंड्यांतून पुढची पिढी हजर.

दुपारचं ऊन. पान करपतं. पूर्वेची खिडकी द्या.

थंडीत खत. पुणे-नाशिकच्या जानेवारीत, रात्री पारा 15 अंशांखाली गेला की झेब्रिना पानं टाकून झोपते. खत बंद, पाणी अगदी थोडं, कंद टणक आहे ना एवढं पाहायचं. मार्चमध्ये कोंब आला की मगच निम्म्या मात्रेत खत.