मुलाच्या फिट्ससाठी कीटो आहार: घरी कसा सांभाळायचा

दोन औषधं देऊनही फिट्स थांबत नसतील, तर डॉक्टर कीटोजेनिक आहाराचा, म्हणजे भरपूर स्निग्धांश आणि अगदी कमी कर्बोदकं असलेल्या आहाराचा, विषय काढतात. वजन उतरवण्यासाठी मोठी माणसं करतात तो कीटो आधी डोक्यातून काढून टाका. हा १९२१पासून चालत आलेला उपचार आहे. काही जन्मजात चयापचय-विकारांत तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे तपासण्या होऊन न्यूरॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय सुरुवात नको.

पहिली खरेदी वजनकाट्याची, तोही ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ४:१ प्रमाण म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर स्निग्धांश ४ ग्रॅम. जवळपास ९० टक्के उष्मांक त्यातूनच येतात. इथे चमच्याचा अंदाज कामाचा नाही. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा, मग एकेक जिन्नस घाला. जेवण झालं की वाटी बघा. कडेला तेल चिकटलेलं असेल, तर तेवढा डोस पोटात गेलाच नाही. म्हणून तेल-लोणी वरून ओतण्यापेक्षा पदार्थात कालवा आणि वाटी रबरी चमच्याने निपटून घ्या.

साखर ताटातून कमी, औषधाच्या बाटलीतून जास्त शिरते. गोड सिरप, चघळायच्या गोळ्या, अगदी टूथपेस्टसुद्धा आहारतज्ज्ञांना दाखवा. औषध मात्र परस्पर बदलू नका.

एक वही ठेवा: जेवण, कीटोनचा (शरीर स्निग्धांश जाळतं तेव्हा तयार होणारा पदार्थ) आकडा, फिट किती वाजता आली आणि किती वेळ टिकली. घरातल्या सगळ्यांना, शाळेतल्या बाईंनाही, स्पष्ट सांगा. ‘एकानं काय होतंय’ म्हणत हातावर ठेवलेलं बिस्कीट कीटोन खाली आणू शकतं. (हे आजीला सांगणं सगळ्यात अवघड.)

बद्धकोष्ठता होते, मूतखड्याचाही धोका असतो. पाणी भरपूर द्या. जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम डॉक्टर लिहून देतील. उलट्या थांबत नसतील किंवा मूल सुस्तावलं, तर थेट दवाखाना गाठा आणि आहाराची चिठ्ठी सोबत न्या, म्हणजे नेहमीचं ग्लुकोजचं सलाईन सवयीनं लागणार नाही. रक्तातली साखर फारच घसरली म्हणून डॉक्टर ते देत असतील, तर अडवू नका.

साधारण तीन महिन्यांनी वही घेऊन बसा. फरक दिसला, तर आहार बहुधा दोन वर्षं चालतो. बंद करतानाही एकदम नाही. डॉक्टर ४:१ वरून ३:१, मग २:१ असं हळूहळू उतरवतात.