पन्हाळा रनची तयारी, गाडीची आणि गाडीतल्या माणसांची

मंडळी, आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपनं रविवारी सकाळी सातला कोल्हापूरच्या दसरा चौकात जमायचं आणि तिथनं पन्हाळा, हे आता फायनल आहे. नवीन आलेले बरेचजण यादी मागत होते म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, नुसतं वाचू नका, गाडीजवळ उभं राहून एकेक गोष्ट बघत जा. अंतर म्हणाल तर फार नाही, वीसेक किलोमीटर, नवीन गाडीला अर्धा-पाऊण तास. पण आपल्यात कुणाची फियाट आहे, कुणाची अँबॅसिडर, विलीज जीप आहे, हेराल्ड आहे, आणि वाघबीळचा चढ लागला की कुठल्या गाडीचं काम झालंय आणि कुठल्या गाडीला नुसतं पॉलिश मारलंय ते लगेच कळतं. आपला नियम जुनाच, ताफा सगळ्यात हळू गाडीच्या वेगानं चालणार आणि एक थांबली की सगळे थांबणार. तुमच्या होज पाइपचा एक क्लॅम्प ढिला राहिला तर रस्त्याकडेला अख्खा ग्रुप उन्हात उभा राहतो, त्यात वयस्कर माणसं असतात, बारकी पोरं असतात. म्हणून हे सगळं दुसऱ्यांसाठी करायचंय असं समजून करा.

पहिलं काम ब्रेक, आणि हे शनिवारी रात्री करायचं काम नाही, आत्ताच करा. आपल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर सिंगल लाइनचा, म्हणजे एका चाकाचा व्हील सिलिंडर गळायला लागला की एका चाकाचा नाही, सगळाच ब्रेक जातो, पेडल खाली बसतं. त्यामुळं चारही चाकं उतरवा, ड्रम काढा, आतला रबर बूट बोटानं उचलून बघा, ओल दिसली की सिलिंडर किट बदला, पुसून परत लावू नका. लायनर रिबिटपर्यंत आला असेल तर तोही बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन-दोन वर्षं तेच ऑइल असेल तर उतारावर ब्रेक तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. नवीन ऑइल भरा, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. आणि हँडब्रेक. बऱ्याच जणांचा हँडब्रेक नुसता शोभेला असतो. सिंगल लाइनच्या गाडीत मेन ब्रेक गेल्यावर तोच एक उरतो, त्यामुळं चढावर गाडी हँडब्रेकवर उभी राहत नसेल तर ती गाडी या वेळी आणू नका, तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसून या, जागा आहे. हे मी कुणाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, पण यात तडजोड नाही.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपण ऊसाच्या जिल्ह्यातली माणसं, इथेनॉल कुठनं येतं हे आपल्याला सांगायला नको. पण या गाड्या बनल्या तेव्हा असलं पेट्रोल नव्हतं. जुन्या रबराचे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची पॅकिंग त्यात फुगतात, मऊ पडतात, काही दिवसांनी चिरतात. पाइप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की इथेनॉल चालणारा नवा पाइप टाका. टाकीत जुना गाळ असेल तर हे पेट्रोल तो सोडवून आणतं आणि फिल्टर चोंदतो, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मधे एक पारदर्शक फिल्टर लावा आणि एक जादा खिशात ठेवा. इथेनॉल पाणी पण धरतं, त्यामुळं महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीतलं जुनं पेट्रोल उपसून टाका आणि रनच्या आदल्या दिवशी ताजं भरा. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणून काहींना कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा लागतो, पण ते तुमच्या मिस्त्रीला विचारून, स्वतः प्रयोग नकोत.

पेट्रोलचा अजून एक खेळ म्हणजे व्हेपर लॉक. गाडी चढ चढून तापली, दहा मिनिटं बंद ठेवली आणि परत सेल मारला तर घेत नाही, कारण पंपात पेट्रोलची वाफ होऊन बसलेली असते. अशा वेळी सेल मारून मारून बॅटरी संपवू नका. एक सुती फडकं पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचं, बोनेट उघडं ठेवायचं आणि शांत बसायचं. पंप हाताला गार लागला की पहिल्या-दुसऱ्या सेलला गाडी चालू होते. फियाटवाल्यांनी तर फडकं आणि पाण्याची बाटली पुढच्या सीटखालीच ठेवा, डिकीत नको.

आता गाडी गरम होणं. रेडिएटरची जाळी पुढनं साफ करा, शेतातनं येणारी कुसळं आणि किडे त्यात अडकून बसतात. वरचा आणि खालचा होज पाइप दाबून बघा, कडक झालेला किंवा फुगलेला दोन्ही वाईट. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा इंच खाली गेला पाहिजे, जास्त गेला तर फॅन आणि डायनॅमो दोन्ही उपाशी राहणार. वॉटर पंपच्या शाफ्टला हातानं हलवून बघा, खुळखुळ असेल तर आत्ताच उद्यमनगरची वर्कशॉप गाठा. पाण्याचे दोन कॅन प्रत्येक गाडीत पाहिजेतच. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही, हात भाजलेली माणसं बघितली आहेत.

उद्यमनगरचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपण नशीबवान आहोत की शिवाजी उद्यमनगर आपल्या गावात आहे. दुसऱ्या शहरातली माणसं एका किंगपिन बुशसाठी, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिच्या बुशसाठी, महिनाभर फोन करत बसतात, आपल्याकडं जुना बुश खिशात घालून लेथवाल्याकडं गेलं की तो कॅलिपर लावून माप घेतो, पितळ की गनमेटल विचारतो आणि करून देतो, वर रीमर मारून भोक पण मापात करून देतो. ओतकामाचं असेल तर फाउंड्र्या आहेतच. ही कारागिरी जुन्या मिस्त्री लोकांच्या हातात आहे आणि त्यांच्यातली बरीच माणसं आता वयानं थकलीत. म्हणून या वेळी ठरवलंय की दोघा मिस्त्रींना रनला सोबत घ्यायचं, पाहुणे म्हणून, कामाला नव्हे. त्यांना घरनं आणायची जबाबदारी ज्यांनी घेतलीय त्यांनी आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करावी, आणि पुढची सीट त्यांना द्यायची.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट साफ करून त्यांच्यातली गॅप साधारण 0.4 मिमी लावा, कंडेन्सर एक जादा ठेवा कारण तो सांगून जात नाही. प्लग काढून बघा, काळे असतील तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, ते आधी बघा. बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यानं धुवा. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, जुन्या विलीजला 6 व्होल्टची सिस्टिम असते, तिला 12 व्होल्टच्या गाडीवरून जंप द्यायला जाऊ नका, आणि मॉरिस मायनरसारख्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, तिथं केबल उलटी लावली तर डायनॅमोचं आणि वायरिंगचं नुकसान होतं. मदत करायच्या उत्साहात हे विसरायला होतं, म्हणून ज्याची गाडी त्यानंच केबल लावायची.

टायरचं नक्षीकाम चांगलं दिसतंय म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो वाचा. गाडी कमी फिरते म्हणून टायर झिजत नाही, पण रबर म्हातारं होतं आणि बाजूला भेगा पडतात. स्टेपनीत हवा भरा, तिच्याकडं कुणी बघतच नाही.

हत्यारं. इथं प्रत्येक वेळी घोळ होतो. फियाटला मिलीमीटरचे पाने लागतात आणि अँबॅसिडरला इंची, त्यामुळं शेजारच्याकडं पाने आहेत म्हणून आपण नेले नाहीत असं करू नका, उगीच भलता पाना लावून नटाची टोकं गोल करून ठेवता. दोन्ही सेट एकेक जण आणणार आहेच, तरी आपापला छोटा सेट, पकड, जॅक, व्हील पाना, टॉमी, थोडी वायर, इन्सुलेशन टेप, दोन-चार क्लॅम्प, जादा फॅन बेल्ट, इंजिन ऑइलचा डबा एवढं असू द्या. टोचन करायला मजबूत दोरी जीपवाल्यांकडं. फायर एक्स्टिंग्विशर प्रत्येक गाडीत, हे या वेळेपासून सक्तीचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल गळायला आणि ठिणगी पडायला वेळ लागत नाही, आणि सिलिंडर डिकीच्या तळाला नको, ड्रायव्हरच्या हाताला येईल असा पाहिजे.

कागदपत्रं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन, सगळं मोबाइलवर पण असू द्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तारीख बघून घ्या. व्हिंटेज नोंदणीबद्दल बरेचजण विचारतात. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, खाजगी वापराची गाडी त्यात बसते, नवीन नोंदणीला 20,000 रुपये आणि पुढं रिन्यू करायला 5,000, नंबरमधे व्हीए ही अक्षरं येतात आणि नोंदणी 10 वर्षं चालते. पण अशी गाडी मग रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यामुळं जे रोज बाजाराला फियाट नेतात त्यांनी नीट विचार करा. आणि पद्मिनी हे नावच 1974 साली आलं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच पद्मिनी अजून पन्नाशीच्या अलीकडंच आहेत, आधी आरसीवरची तारीख बघा आणि मग चौकशी करा.

आता माणसांचं. या गाड्यांना बेल्ट नसतात, म्हणून पोरं मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन पुढं बसवायचं नाही. ज्यांच्या गाडीला इंडिकेटर नाहीत किंवा चालत नाहीत त्यांनी हातानं सिग्नल द्यायचा, आणि मागच्यांनी तो समजून घ्यायचा, आजकालच्या पोरांना माहीत नसतो, शनिवारी एकदा दाखवा. स्वेटर घ्या, सकाळी गडावर वारं लागतं. वहिनींनी आणि ताईंनी मागच्या वेळी सगळ्यांचं खाणं केलं आणि आपण नुसतं खाल्लं, या वेळी तसं नाही. जेवण गडावरच, झुणका-भाकर, खर्डा, दही, तिथल्याच मावशींना आधी सांगून ठेवलंय. घरनं फक्त पाणी, चहाचा थर्मास आणि पोरांसाठी काहीतरी कोरडं.

आणि जे काका आता गाडी चालवत नाहीत, डोळ्यांमुळं म्हणा, गुडघ्यांमुळं म्हणा, त्यांना विसरू नका. त्यातल्या काहींनी आपल्याला चोक कधी ओढायचा आणि कधी सोडायचा हे शिकवलंय. त्यांची गाडी त्यांच्या मुलानं किंवा आपल्यातल्या कुणी चालवावी आणि त्यांना शेजारी बसवावं. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी चौकात येते तेव्हा हीच माणसं लवकर जाऊन जागा धरतात, तिचं इंजिन किती हळू आवाजात चालतंय ते कान देऊन ऐकतात, आणि मग घरी येऊन आपल्या फियाटचं टॅपेट सेट करायला घेतात. गडावर गेल्यावर बोनेट उघडून त्यांना बोलतं करा, पोरांना जवळ उभं करा. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, पॉइंटमधे सरकवताना किती अडखळली पाहिजे हे लिहून कळत नाही, हातात घेऊनच कळतं.

रस्त्यावर काय करायचं तेवढं सांगतो. सगळ्यात पुढं हेराल्ड, कारण तीच सगळ्यात हळू, आणि सगळ्यात मागं जीप. मधल्यांनी दोन गाड्यांच्या मधे एसटी आरामात शिरेल एवढं अंतर ठेवायचं, चिकटून चालायचं नाही, लोकांना ओव्हरटेक करायला जागा पाहिजे. आपल्यामुळं दूधवाल्याला, ऊसाच्या ट्रॅक्टरला उशीर झाला तर पुढच्या वेळी रस्त्यावर आपलं स्वागत वेगळं होईल. चढावर तापमानाचा काटा वर जायला लागला तर पुढं बघू म्हणायचं नाही, रुंद जागा बघून थांबायचं, हात दाखवायचा, आम्ही थांबतो. गडावरच्या नाक्यावर कराला सुट्टे पैसे काढून ठेवा. गाड्या ठरलेल्या मोकळ्या जागेतच लावायच्या, तीन दरवाजाच्या आणि सज्जा कोठीच्या बाजूला चालतच जायचं, दरवाजात गाडी उभी करून फोटो काढायची हौस कुणीही करू नये, ती जागा त्यासाठी नाही.

उतरताना सगळ्यात जास्त लक्ष. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, दुसरा टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेकवर पाय दाबून ठेवून उतरायचं नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. ब्रेक दाबा, सोडा, परत दाबा. जळका वास आला की बाजूला घ्या, ड्रम गार होऊ द्या, पाणी ओतू नका, तापलेल्या ओतीव ड्रमला तडा जातो.

परत आल्यावर आपापल्या घरी पोचलो एवढा एक मेसेज टाका, शेवटचा मेसेज आल्याशिवाय मी झोपत नाही. कुणाला काय पार्ट लागला, कुणाकडनं काय उसनं घेतलं ते सोमवारपर्यंत लिहून कळवा, बुधवारी उद्यमनगरला एकत्रच चक्कर मारू म्हणजे लेथवाल्याला पण सगळ्यांचं काम एकदम देता येईल. अजून कुणाला हेराल्डच्या क्लचची प्लेट हवी असेल तर सांगा, एकीचा पत्ता लागलाय.