नव्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? तिसरी विकत घेण्याआधी हे मोजून बघा

सोमवारी सकाळी सहाला बाबांना मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली आणि स्टार्टचं बटण दाबलं. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. बोनेटखालून नुसतं टक-टक-टक. साडेसहाला डायलिसिसचं मशीन बाबांसाठी लावून ठेवलेलं असतं. उशीर झाला तर पुढच्या पेशंटची वेळ येते आणि बाबांचा तेवढा वेळ कापला जातो. त्या दिवशी रिक्षा मिळाली म्हणून निभावलं. गाडी सव्वादोन वर्षांची होती. बॅटरी दुसरी होती आणि तिला जेमतेम पाच महिने झाले होते.

सर्व्हिस सेंटरने दोन्ही वेळा एकच सांगितलं, "मॅडम, बॅटरी वीक आहे, बदलून टाका." तुम्हालाही हेच ऐकवलं जात असेल, तर थोडं थांबा. नव्या बॅटरीचे पाच-सहा हजार देण्याआधी तिच्यातला करंट जातो कुठे, ते शोधायला हवं.

मीटर हातात घेण्याआधी कॅलेंडर काढा. गाडी कोणत्या वारी बंद पडली आणि त्याआधी किती दिवस उभी होती, हे लिहून काढा. मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं की आमची गाडी फक्त सोमवारीच रुसते. बाबांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं, पण गुरुवारी एकदाही अडचण आली नव्हती. सोमवार ते गुरुवार मी कोथरूडहून बाणेरला ऑफिसला जाते, त्यामुळे रोज तासभर तरी गाडी चालते. शुक्रवारी घरून काम. म्हणजे गुरुवार रात्र ते सोमवार सकाळ गाडी बेसमेंटमध्ये उभी. चालवताना चार्जिंग होत होतं आणि उभी असताना कुणीतरी करंट पीत होतं, एवढं या कागदावरच दिसलं. तुमची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल आणि कोणत्याही वारी बंद पडत असेल, तर चार्जिंगच पुरत नसण्याची शक्यता जास्त. आठवड्यातून एकदा तासभर हायवेला काढून बघा.

आता साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त आले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामीच. मग इंजिन चालू करा. १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, काम करतोय. बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो, त्यामुळे हा आकडा मध्येच खाली येतो. घाबरू नका, हेडलाइट आणि एसी लावून पाच मिनिटं बघत राहा. आमचा आकडा १४.२ होता. अल्टरनेटर ठीक. लोड टेस्टसुद्धा करून घ्या, म्हणजे भार टाकल्यावर बॅटरी तग धरते का ते कळतं. बॅटरीच्या दुकानात दहा मिनिटांत होते.

राहिला प्रश्न उभ्या गाडीचा. गाडी लॉक करून आपण वर गेलो तरी अलार्म जागा असतो, किल्लीची वाट बघणारा रिसीव्हर जागा असतो, मोबाइल ॲपशी बोलणारं सिम कार्डाचं मॉड्यूल जागं असतं. अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक सगळं झोपतं आणि एकूण करंट ५० मिलिअँपिअरच्या आत येतो. येत नसेल, तर लीकेज आहे.

आधी बाहेरून बसवलेलं सगळं काढा: पार्किंग मोडवाला डॅशकॅम, ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर जोडतात त्यात) खोचलेला जीपीएस ट्रॅकर, वेगळा ॲम्प्लिफायर. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. मी डॅशकॅम काढला, काही फरक पडला नाही.

यापुढचं मी कर्वे रोडजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडून शिकले. त्यांनी पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीने मोजलं. दहाच्या पान्याने मायनसची केबल काढली आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडला. पाऊण तासाने आकडा आला ३० मिलिअँपिअर. अगदी चोख! सर्व्हिस सेंटरलाही असंच काहीतरी दिसलं असणार, कारण तिथूनही दोनदा "लीकेज नाही" म्हणून गाडी परत आली होती.

काका मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. "ताई, केबल काढली की सगळे कॉम्प्युटर बंद होऊन नव्याने चालू होतात. तुमचा मोबाइल हँग झाला की तुम्ही बंद करून चालू करता ना, तसंच. दुखणं आपणच घालवलं आणि आता म्हणतोय दुखणं नाही." मग ते रविवारी संध्याकाळी आमच्या बेसमेंटमध्ये आले, गाडी जिथे नेहमी उभी असते तिथेच. बोनेट मी दुपारीच उघडं ठेवलं होतं आणि त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं होतं, म्हणजे गाडीला बोनेट बंदच वाटावं. त्यांनी केबल न काढता मायनसच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा विळखा घालून करंट मोजणारा मीटर, लावला. स्क्रीनवर ०.२८ अँपिअर, म्हणजे २८० मिलिअँपिअर. वाट बघितली, तासाभरानेही ०.२८.

हिशोब तिथेच भिंतीवर कागद धरून केला. गुरुवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सहा म्हणजे ८२ तास. गुणिले ०.२८, म्हणजे सुमारे २३ अँपिअर-अवर. आमची बॅटरी ४५ ची, म्हणजे निम्मी गेली. असं महिनोन् महिने चाललं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि नवी बॅटरीही आपली ताकद गमावते. मग खरंच "वीक" होते.

क्लॅम्प मीटर घेताना एक लक्षात ठेवा: स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट मोजतात. डीसी मोजणारा लागतो, आणि ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवणारा. मल्टिमीटरनेच मोजायचं असेल तर लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका. मीटर जळेल.

करंट नक्की कोण घेतंय हे शोधताना फ्यूज एकेक उपटत बसू नका, त्यानेही झोपलेलं मॉड्यूल जागं होतं. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्हीवर टोकं टेकवा. शून्य आलं तर त्यातून करंट जात नाही. आमच्या गाडीत एका फ्यूजवर आकडा हलला, आणि झाकणावरच्या तक्त्यात तो ॲपच्या मॉड्यूलचा निघाला. बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. ते मॉड्यूल नेटवर्क शोधत रात्रंदिवस जागं राहत होतं. सर्व्हिस सेंटरच्या मोकळ्या अंगणात रेंज भरपूर, म्हणून तिथे ते मुकाट झोपायचं.

आता सर्व्हिस सेंटरला कसं सांगायचं? जॉब कार्डवर "बॅटरी प्रॉब्लेम" लिहू देऊ नका. मी ॲडव्हायझरला शेजारी उभं राहून लिहायला लावलं: "गाडी बेसमेंटमध्ये तीन दिवस उभी राहिल्यावर स्टार्ट होत नाही. एक तासानंतर करंट ०.२८ अँपिअर. फोटो जोडला आहे." तेच ईमेलने कंपनीलाही पाठवलं, कॅलेंडरच्या कागदासकट. वॉरंटी चालू असताना लेखी तक्रार झालेली असणं फार महत्त्वाचं आहे. एवढं करूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मला त्याची गरज पडली नाही. नऊ दिवसांनी वॉरंटीत मॉड्यूल बदलून मिळालं.

त्या नऊ दिवसांत काकांच्या सांगण्यावरून मी तो फ्यूज काढून ठेवला होता. ॲप बंद पडलं, गाडी चालू राहिली. सगळी केबलच काढणार असाल तर आधी रिमोटच्या पोटातली धातूची किल्ली वेगळी काढून खिशात ठेवा, नाहीतर दार उघडायची पंचाईत होईल.

दोष निघाल्यावरही दमलेली बॅटरी आपोआप भरत नाही. चार्जर लावून रात्रभर सावकाश पूर्ण चार्ज करा आणि मग पुन्हा लोड टेस्ट घ्या. आमची वाचली. बदलावीच लागली आणि तुमची गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी असेल, तर ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीचे बॅटरीचे दोन दणकट प्रकार), जी मुळात होती त्याच प्रकारची घ्या. साधी बॅटरी स्वस्त पडते, पण तिथे टिकत नाही. बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीखही दुकानातच वाचा.

जंपर लावायची वेळ आलीच, तर प्लसला प्लस जोडा. मायनसची केबल मात्र तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीच्या मायनसला नको. ठिणगी बॅटरीपासून लांब राहते आणि मायनसवर बसवलेला, बॅटरीचा चार्ज मोजणारा सेन्सर फसत नाही. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही, म्हणून मी डिकीत छोटा जंप स्टार्टर ठेवलाय आणि दर महिन्याला तो घरी नेऊन चार्ज करते.

अजूनही सोमवारी बाबा जिना उतरेपर्यंत मी मीटर लावून बघते. काल १२.५८ होतं.