मांजराची विषबाधा: या चुका टाळा

कुत्र्याच्या किंवा माणसाच्या औषधाचा डोस वजनाच्या हिशेबाने कमी केला की तो मांजराला चालतो, हा समज काही केल्या जात नाही. अनेक औषधे निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमताच मांजरात अपुरी असल्यामुळे हा हिशेब मुळातच चुकीचा ठरतो.

परिचयातल्या एका गृहस्थांनी कुत्र्यासाठी आणलेल्या गोचीडनाशक थेंबांपैकी ‘अगदी थोडे’ मांजराच्या मानेवर टाकले. त्या औषधात परमेथ्रिन हे मांजराला विषारी ठरणारे कीटकनाशक होते. संध्याकाळी मांजराचे कान आणि कातडी थरथरू लागली, तेव्हा थंडी वाजत असेल म्हणून त्यांनी त्याला पांघरुणात गुंडाळले आणि मोबाईलवर घरगुती उपाय शोधत बसले. झटके सुरू झाल्यावर मांजर दवाखान्यात पोहोचले. ते वाचले, पण कित्येक तास झटके आवरण्यात गेले. औषध लागल्याचे लगेच लक्षात आले आणि मांजर शांत असेल, तर कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने ते धुऊन काढावे. थरथर सुरू झालेली असेल तर आधी दवाखाना गाठावा. वेष्टनावर मांजराचे चित्र आहे एवढ्यावर मी कधीच विसंबत नाही, घटकद्रव्ये वाचतो.

पॅरासिटामॉलची तर अर्धी गोळीही नको; ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसणे, धाप लागणे, तोंड व पंजे सुजणे ही तिची लक्षणे आहेत.

लिलीची फुले मी घरात आणतच नाही. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

ओल्या फरशीवर मांजर फिरू देऊ नये, कारण पंजांना लागलेले जंतुनाशक ते चाटते. मग लाळ गळते, जिभेवर व्रण पडतात.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उतावळेपणा मला सर्वाधिक खटकतो, कारण त्यातून मिठाचीच विषबाधा होऊ शकते. दूध पाजल्याने विष उतरत नाही. उंदीरनाशक खाल्लेले मांजर आज खेळताना दिसले तरी थांबू नये, कारण रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा परिणाम बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतो. दवाखान्यात जाताना ते पाकीट सोबत न्यावे आणि किती वाजता, साधारण किती खाल्ले असावे, हे कागदावर लिहून ठेवावे.