रोजच्या वापराचा अहवाल चुकीच्या तारखेला दिसतोय? टाइम झोन असा दुरुस्त करा

अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत बोअरवर पाण्याचं मीटर बसवलं आणि रोजचा वापर मोबाईलवर दिसेल असा डॅशबोर्ड करून दिला. दोनच दिवसांत काकांचा फोन आला, "अरे, सोमवारी मी मोटार लावलीच न्हाई, मंग ह्यात बावीस हजार लिटर कुठून आलं?"

मीटर बरोबर होतं. लाईट रात्रपाळीची, म्हणून मोटार सोमवार उलटून रात्री बाराला सुरू झाली आणि सकाळी सहाला बंद. तासाला ४,००० लिटर. पण डेटाबेस वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो आणि यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलते. साडेपाच तासांचं पाणी सोमवारच्या नावावर गेलं, मंगळवारच्या वाट्याला २,००० लिटर आले. फक्त दिवसा मोटार चालत असती तर ही चूक लक्षातच आली नसती.

आधी मूळ नोंद बघा. घड्याळ पाहून पाच मिनिटं मोटार चालवा. नोंदीतली वेळ साडेपाच तास मागे असेल तर उत्तम, ती तशीच राहू द्या. नोंद आपल्या घड्याळाप्रमाणे आहे पण डेटाबेस तिला यूटीसी समजतोय, असं असेल तर दोष मीटरची नोंद पाठवणाऱ्या यंत्रात आहे. डॅशबोर्ड त्यात आणखी साडेपाच तास मिळवून दुपारची मोटार संध्याकाळी दाखवेल. यंत्राला यूटीसीतच वेळ पाठवायला लावा.

मग ग्राफाना, म्हणजे ज्यात डॅशबोर्ड बनवलाय ते सॉफ्टवेअर, त्याच्या डॅशबोर्ड सेटिंगमध्ये टाइम झोन 'एशिया/कोलकाता' करा. बरेच जण इथेच थांबतात. याने आलेखाखालची वेळ बदलते, दिवसाची बेरीज बदलत नाही, कारण ती आधीच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञेत, झालेली असते.

खरं काम क्वेरीत आहे. डेटाबेस पोस्टग्रेस असेल आणि त्यातला वेळेचा रकाना टाइम झोनसहित असेल तर आधी 'अ‍ॅट टाइम झोन' लावून वेळ एशिया/कोलकाताची करा, नंतर तारीख काढा. उलट क्रमाने काही उपयोग नाही. तिथे 'आयएसटी' हे लघुरूप लिहू नका, मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेस त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा घेतं! डेटाबेस इन्फ्लक्स असेल तर त्याच्या फ्लक्स या भाषेतल्या क्वेरीत सुरुवातीलाच लोकेशन एशिया/कोलकाता ठरवा. फ्लक्स बेरजेवर दिवसाच्या शेवटची वेळ टाकतं, म्हणून मंगळवारचं पाणी बुधवारी दिसतं. तिथे सुरुवातीची वेळ घ्यायला सांगा.

जुन्या मूळ नोंदींना हात लावू नका. रोजच्या बेरजा वेगळ्या साठवल्या असतील तर त्या पुसून मूळ नोंदींवरून पुन्हा काढा.

शेवटी एका रात्री ११:५० ते १२:१० मोटार चालवा. निम्मं पाणी आजच्या आणि निम्मं उद्याच्या तारखेला दिसलं, की काकांना फोन करा.