विमानतळाच्या आखणीवरून युद्धकालीन तळ कसा ओळखावा

एखादा नागरी विमानतळ मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेला लष्करी तळ होता का, हे शोधताना टर्मिनलकडे पाहून फारसे हाती लागत नाही, कारण ती इमारत बहुधा बरीच नंतरची असते. जमिनीवरची आखणी मात्र सहजासहजी पुसली जात नाही. म्हणून सुरुवात उपग्रहचित्राने करावी. सरावासाठी लंडनच्या ईशान्येचा स्टॅनस्टेड उत्तम, कारण त्याचा इतिहास नीट नोंदलेला आहे. 1942 साली अमेरिकी लष्कराच्या अभियंता तुकड्यांनी त्याचे काम सुरू केले आणि 1944 मध्ये अमेरिकेच्या 344व्या बॉम्बर गटाची बी-26 मरॉडर विमाने येथूनच उड्डाणे करीत होती.

चित्रात प्रथम त्रिकोण शोधावा. ब्रिटनमधील बॉम्बर तळांसाठी ठरलेल्या ‘क्लास ए’ नमुन्यात एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या असत. मुख्य पट्टी 2000 यार्ड, म्हणजे सुमारे 1830 मीटर लांब, तर उरलेल्या दोन प्रत्येकी 1400 यार्डांच्या असत आणि त्यांच्यातील कोन शक्य तितका 60 अंशांच्या जवळ ठेवला जाई. त्या काळातील विमानांना बाजूचा वारा फारसा सोसत नसे. वारा कुठूनही आला तरी एखादी पट्टी त्याच्या दिशेला जवळची असावी, हा यामागचा हेतू होता. जेट विमानांना लांब पट्टी हवी असल्याने बहुतेक ठिकाणी मुख्य पट्टी वाढवली गेली आणि उरलेल्या दोन टॅक्सीमार्ग झाल्या किंवा उखडल्या गेल्या. स्टॅनस्टेडची पट्टीही 1950च्या दशकात अमेरिकी लष्करानेच वाढवली. आज ती सुमारे 3050 मीटर आहे. जुन्या नकाशाशी ताडताना पट्टीच्या क्रमांकावर विसंबू नये. तो चुंबकीय दिशेवरून ठरतो आणि चुंबकीय उत्तर सरकत असल्याने बदलतो. स्टॅनस्टेडची 05/23 ही पट्टी 2009 मध्ये जागची न हलता 04/22 झाली.

त्रिकोण अर्धवट असेल, तर सीमेकडे वळावे. माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा तिथेच असतो. तिन्ही पट्ट्यांची टोके जोडणारा सुमारे 15 मीटर रुंदीचा काँक्रीटचा वळसामार्ग आणि त्याला लागून दांड्याच्या तव्यासारखे दिसणारे गोल थांबे, अशी ती रचना असे. शत्रूच्या एकाच हल्ल्यात सगळी विमाने नष्ट होऊ नयेत म्हणून ती एकत्र उभी न करता या थांब्यांवर विखुरली जात. नागरी विमानतळाला अशा विखुरण्याची काहीच गरज नसते; त्यामुळे कुंपणाबाहेरच्या शेतात असे काँक्रीटचे गोल दिसले, किंवा गावरस्ता विनाकारण मोठा वळसा घेताना दिसला, की तळाचा अंदाज बराच पक्का होतो.

तरीही लगेच निष्कर्ष काढू नये. युद्धासाठी बांधलेला तळ आणि युद्धात ताब्यात घेतलेला विमानतळ यांत फरक करावा लागतो. गॅटविकला 1936 सालीच गोलाकार टर्मिनल उभे राहिले होते. हवाई दल तिथे नंतर आले. हीथ्रोचे काम मात्र 1944 मध्ये हवाई दलाचा तळ म्हणून सुरू झाले आणि तो 1946च्या आरंभी नागरी वापरासाठी देण्यात आला. कधी कधी सांकेतिक अक्षरेही उपयोगी पडतात. शिकागोच्या ओ’हेअरचे ‘ओआरडी’ हे संकेताक्षर ऑर्चर्ड या जुन्या नावावरून आले आहे आणि युद्धकाळात तिथे डग्लस कंपनी सी-54 ही लष्करी वाहतूक विमाने बनवत होती.

भारतात मुंबईचा सांताक्रूझ आणि पुण्याचा लोहगाव हे दोन्ही रॉयल एअर फोर्सचे तळ होते. लोहगाव आजही हवाई दलाचाच तळ असून नागरी उड्डाणे तिथूनच होतात. तिथे छायाचित्रणाला बंदी असल्याने प्रत्यक्ष जाऊन कॅमेरा काढू नये. घरबसल्या उपग्रहचित्रावरच काम भागवावे.

जमिनीवरचा अंदाज शेवटी कागदांशी पडताळावा. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर 28’ या मालिकेत तळांच्या, तर ‘एआयआर 27’मध्ये स्क्वाड्रनच्या कामकाज-नोंदवह्या आहेत आणि भारतात तैनात असलेल्या स्क्वाड्रनच्या वह्याही त्यांत सापडतात. शोध घेताना स्थळनामाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमुळे घोळ होतो, म्हणून आधी स्क्वाड्रनचा क्रमांक मिळवावा आणि त्यावरूनच वही मागवावी.